काशीचा चेहरा

सुधा गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी घाटकोपरच्या घरात कपडे वाळत घालत होते. त्याला महिना झाला. तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतायत... मला मात्र एक दुपार सांगायची आहे, जिच्यात मी वाईट वागले.

सुधा परब मुलुंडच्या शाळेत चित्रकला शिकवायची. वडील गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. उपनगरांतल्या आम्हा सात-आठ चित्रकारांना तिनंच गोळा केलं आणि वज्रेश्वरीजवळच्या, गरम पाण्याच्या कुंडांच्या एका गावात बंद पडलेली धर्मशाळा मिळवली. शनिवारी ठाण्याहून एसटीनं जायचं, रविवारी परतायचं. गुडघेदुखीची माणसं कुंडात पाय सोडून बसलेली असायची, आम्ही काठावर चित्रं काढायचो. गंधकाचा वास कागदांनासुद्धा यायचा.

दुसऱ्या वर्षी धर्मशाळेतच प्रदर्शन मांडलं. सुधाच्या मोठ्या चित्रात कुंडावर उघड्या पाठीनं अंघोळ करणाऱ्या तीन बायका होत्या. दोघी पाठमोऱ्या, तिसरीनं मान वळवलेली. ती आमच्याकडे पाणी भरणारी काशी, हे गावात कुणीही ओळखलं असतं. दुपारी दहा-बारा पुरुष आत शिरले. पुढे काशीचा दीर, हातात रॉकेलचा डबा.

“कुनी काढलं ह्ये?”

सुधा पाहुण्यांबरोबर कुंडाकडे गेली होती. तो माझ्याकडेच बघत होता. डब्याचं झाकण उघडं होतं. मी म्हणाले, “आमचा काही संबंध नाही. परबबाईंनी काढलंय.”

आणि दारात सुधा उभी होती. तिनं ऐकलं होतं.

ती सरळ त्याच्यासमोर गेली. “जाळायचं तर जाळा. पण आधी काशीला बोलवा.”

“तिला काय इचारायचं?”

“माझंही तेच चुकलं,” सुधा म्हणाली. “मीही विचारलं नाही.”

काशी आली. ओल्या हातांनी पदर धरून कितीतरी वेळ चित्र बघत राहिली... मग हळूच म्हणाली, “त्वांड काढून टाका, बाई. पाठ ऱ्हाऊ द्या. पाठ कुनाची पन आसंल.”

सुधानं रंगाची सुरी घेतली आणि दोन महिने रंगवलेला तो चेहरा सगळ्यांसमोर खरवडून टाकला. दीर डबा घेऊन निघून गेला.

परतीच्या एसटीत मी म्हणाले, “घाबरले गं मी.”

“मी पण,” ती म्हणाली. “पण तू नाव सांगितलंस ना.”

पुन्हा हा विषय निघाला नाही. धर्मशाळा सुटली, सगळे पांगले. आम्ही दोघी भेटत राहिलो. तिच्या आजारपणात दुपारी मीच तिच्याजवळ बसायचे.

परवा तिच्या भावानं तिच्या वह्या आणून दिल्या. त्या दुपारनंतरच्या प्रत्येक चेहऱ्याखाली त्या माणसाची सही, नाहीतर अंगठा. शेवटच्या पानावर मी आहे, हॉस्पिटलच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली. खाली सहीसाठी पेन्सिलीची एक पुसट रेघ... रिकामी.

मी तिथं सही केली.