लदेणीच्या वाटेवरचा ढावलो

मोतीबाईला ‘नाही’ म्हणायला कारण लागत नसे. फुलसावंगीकडच्या त्या बंजारा तांड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सून जयाला तर लग्न झाल्या दिवसापासून. पण यंदाचं ‘नाही’ जयाच्या मुळावरच आलं.

झालं असं, की तांड्यामागच्या माळावर दसरा सरला की गवत पिकतं, आणि ते बघायला हल्ली शहरातली माणसं येतात. भलीभली माणसं गाडीतून उतरतात, कमरेएवढं सोनेरी गवत पार आभाळाला टेकेपर्यंत हलताना बघतात आणि बोलायचंच विसरतात. जयाने डोकं लढवलं. गवतातून फेरफटका, चुलीवरची भाकरी, आरशांचं भरतकाम आणि संध्याकाळी अंगणात गाणी, असा तिने पाहुण्यांसाठी बेत आखला. पहिला गट नागपूरहून आला. हे जमलं तर तिला आणि नवऱ्याला, शामला, यंदा ऊस तोडायला जायची गरज नव्हती. नाही जमलं तर दिवाळी होताच मुकादमाचा ट्रक दारात, आणि धाकटी लेक रंजिता पुन्हा आजीजवळ. मुकादमाला दुसऱ्या दिवशी सकाळी शब्द द्यायचा होता.

आणि नेमकं पाहुणे आले त्याच दिवशी मोतीबाई अडून बसली. लग्नात सासरी निघालेली मुलगी आणि तिच्या माहेरच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत गातात, तो ढावलो. मोतीबाईचा ढावलो ऐकून तांड्याचे दगडी काळजाचे नायकही डोळे पुसत. जयाने मोठ्या तोऱ्यात फोनवर पाहुण्यांना तो कबूल करून टाकला होता. फक्त सासूला विचारायचं राहिलं होतं.

“कोन जाऊन राह्यलं?” मोतीबाईने विचारलं.

“कोनी नाई, याडी. पाहुण्यायले ऐकाचा हाय.”

“मंग कायले म्हनू? जानारं मानूस नाई, तं का खांबाच्या गळ्यात पडू?”

जयाचं तोंड एवढंसं झालं. सासूला ती आईसारखं ‘याडी’ म्हणायची, पण म्हणून काही सासूची आई होत नाही, असं तिला मनातून वाटे. दरवर्षी ती ट्रकवर चढे तेव्हा तांड्यातल्या साऱ्या बायका रडत. मोतीबाई तेवढी कोरड्या डोळ्यांनी भाकरीचं गाठोडं हातात द्यायची आणि पाठ फिरवून घरात जायची. हिला आपली माया नाही, हे जयाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पाहुणे अंगणात ताटकळले. तेवढ्यात मोतीबाईने काठी उचलली. “चाला माळावर. बसून का करता?”

सगळे मुकाट्याने मागे निघाले. लुगड्याला, पँटीला कुसळं चिकटत होती. चढावर पोचल्यावर मोतीबाईने काठी आडवी धरली. “थांबा. ऊन कलू द्या.”

ऊन कललं, आणि माळाने आपलं पोट उघडं केलं. सपाट दिसणाऱ्या गवतात एक रुंद पट्टा उमटला. खोल, सावळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. जया जागच्या जागी थिजली. इथे ती दरवर्षी गवत कापायची. हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

“हे काय हो?” गटाच्या म्होरक्या विमलताईंनी विचारलं. त्यांचा आवाज आपोआप हळू झाला होता.

“लदेणीची वाट. आमच्या आज्यापंज्यायचे बैल मिठाच्या गोन्या घेऊन इथून जात. हजारानं जात. खुरायनं भुई दबली, ते अजून वर आली नाई.”

ते खाली उतरले. वाटेतली माती गार होती आणि ओट्यासारखी घट्ट. दोन्ही बाजूंचं गवत खांद्याला लागत होतं आणि वारा त्यांच्या डोक्यावरून जात होता. एकाने मोबाईल वर केला आणि तसाच खिशात घातला. जया खाली बसली, तिने मातीवर हात ठेवला. तिच्या अंगावर काटा आला. केवढी माणसं इथून गेली असतील, काखेतल्या लेकरांसकट, थांबतील तिथे घर मांडत! आणि आपण त्यांच्याच पावलांवर इतकी वर्षं विळा घेऊन वाकत होतो. तिला रडू की हसू, काही कळेना.

विमलताई चष्मा पुसत म्हणाल्या, “जया, हिवाळाभर गट आणते मी. तुम्ही असाल ना इथे?”

जया हाताची माती झटकत उठली. “असू. इथीच असू.”

मोतीबाईने ते ऐकलं. तिने काठी खाली टाकली, जयाच्या गळ्यात दोन्ही हात घातले आणि ढावलो सुरू केला. आधी हुंदक्याएवढा. मग तो सूर असा लांबला, असा चढला, की गवताची सळसळही ऐकू येईना. पाहुणे होते तिथे उभे राहिले. विमलताईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही कळलं नसेल.

जयाच्या काळजात मात्र चर्र झालं. “याडी, म्या कुठी जाऊन राह्यली?”

“कुठीच नाई, म्हनून तं म्हटला,” मोतीबाई म्हणाली. तिचा पदर भिजला होता. “तू ट्रकवर चढत होती ना, तवा दर साली ढावलो गळ्यापावतर ये. म्या गिळे. ढावलो म्हटला का पोरगी परकी झाली. मले तू वापस पाह्यजे होती.”

जयाने सासूला घट्ट धरलं.

“लय सालाचे साचले हायेत,” मोतीबाई म्हणाली. “आता म्हनू दे.”