भायाच्या छातीवरची पट्टी

साखरा गावची जनकाबाई तशी तोंडाची फटकळ, पण भायासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, अळीमिळी गुपचिळी. लेकरं लग्नाला आली तरी ती या भायाशी, जळबाशी, कधी थेट बोलली नव्हती. काही द्यायचं झालं तर उंबऱ्याशी ठेवून मागं सरायची.

जळबाचा कॅन्सर हाडात उतरला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी छातीवर चिकटवायची पट्टी दिली, फेंटानिलची. रात्रभर दुखण्यानं ओरडून गल्ली जागी ठेवणारा माणूस त्या बोटभर पट्टीनं शांत झाला. जनकाबाईला तर त्या पट्टीपुढं हात जोडावेसे वाटले. नर्सनं मात्र दोघी जावांना बजावलं होतं, "औषध जबरी आहे. पट्टीला ऊब लागली तर भसकन अंगात उतरतं. माणूस उठेना, श्वास मंदावला, ओठ निळे पडले, तर ती झोप समजू नका." श्वास कसा द्यायचा तेही तिनं दाखवलं होतं.

पण एका थंडीच्या सकाळी जळबा कुडकुडू लागला आणि त्याच्या बायकोला, मिनाला, राहवलं नाही. तिनं तव्यावर फडकं तापवून छाती शेकली. शेकानं कधी कुणाचं वाईट झालंय? थोड्या वेळानं तो घोरू लागला.

"किती दिसानं डोळा लागला," मिना हरखली.

जनकाबाईनं दारातून कान दिला. घोरणं कसलं, गळ्यात पाणी अडकल्यागत घरघर होती, आणि मधेच काहीच नाही. ती आत घुसली, भायाला गदागदा हलवलं. ओठ जांभळे, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

"अक्का, ही झोप न्हाई! १०८ ला फोन लाव!"

तिनं फडकं भिरकावलं, पदरानं धरून पट्टी सोलून काढली. आणि थबकली. भायाच्या तोंडाला तोंड लावायचं?

"लोक काय म्हनायचं ते म्हनू दे," ती स्वतःशीच बोलली. त्याची मान मागं केली, हनुवटी उचलली, नाक दाबून श्वास फुंकला. छाती वर आली! आपल्या दमानं दुसऱ्याची छाती वर येते, हे पाहून तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा. गाडी येईपर्यंत एका बाईचा श्वास दोघांना पुरला.

गाडीतल्या डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन टोचलं, तसा जळबानं स्वतःहून मोठा श्वास ओढला. उताऱ्याचा जोर ओसरला की अंगातलं औषध परत डोकं वर काढेल म्हणून त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जनकाबाई डबा घेऊन गेली आणि दाराशीच थांबली.

"जने," जळबा म्हणाला, "आत ये माय. पानी पाज मला."

ती आत गेली आणि पेला त्याच्या ओठांना लावला.