म्हणे, मला शिकायची आवड नाही!

विसरभोळ्यांनो, फैजपूरला तुमची एक आजी आहे, आठवतं का? मी सांगतेय, नात टाइप करतेय.

आज आमच्या साक्षरता वर्गाची पाहणी करायला एक बाई आली. म्हणाली, "अक्का, वर्ग का सोडला?"

"वर्ग अकराला, नळाला पाणीही अकराला. पाणी कोण भरणार?"

"मोबाइलवरच्या फॉर्मात कारणं आजारपण, स्थलांतर आणि 'आवड नाही' एवढीच आहेत." आणि तिनं 'आवड नाही' दाबलं!

"पूस ते! अशानं वर्ग बंद करतील. मला अजून माझं नाव लिहायचंय."

"काहीतरी दाबल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, अक्का."

"मग राहू दे इथंच!"

फॉर्म बनवणाऱ्यांनो, आमच्या नळावर कधी उभे राहिलात का?

साहेबांना विचारून ती उद्या परत येतेय. देवपूरच्या सूनबाई, ज्वारीच्या पापडांसारखे तुझे ते बिबडे पाठव. उपाशीपोटी तिला माझं म्हणणं समजत नाही.