कॉम्प्युटरच्या पाठीमागची अक्षता

विवेकावर माझी अढळ निष्ठा आहे. ती एकदा, खंडेनवमीला, अर्धं मिनिट ढळली — आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मी पत्रव्यवहार बघतो. खंडेनवमीला तिथे लूमपासून स्टेपलरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. त्या वर्षी मी भाषण ठोकलं: कॉम्प्युटर म्हणजे विज्ञान, त्याला कुंकू नको. लोकांनी ऐकलं. मग सगळे प्रसादाला खाली गेले आणि मी — काय सांगू? परदेशची मोठी ऑर्डर अडली होती. घाबरलो होतो. कुणाला दिसू नये म्हणून अक्षता कॉम्प्युटरच्या पाठीमागून वाहिल्या. साफसफाईसाठी नेटची वायर काढलेली होती, तिचं भोक उघडंच होतं. हे मी पाहिलं नाही.

दसऱ्यानंतर नेट जायला लागलं. तेही विचित्र रीतीने. लूम सुरू झाले की जायचं. लाइट गेली, लूम थांबले आणि ऑफिस बॅटरीवर आलं, की झकास चालायचं. नेटवाला येऊन राउटर बदलून गेला. फरक शून्य.

कॉम्प्युटरवर बसायची श्यामला. शेठ तिच्यावरच घसरले. "मोबाईलला नेट जोडून शिरियली बघतीस की गं! महिना संपला की दुसरी पोरगी बघतो."

"बघा की शेठ," ती म्हणाली. "पण तिलापण लूम बंद करूनच मेल पाठवाया लागंल."

मला तेव्हाच शंका आली होती. पाठीमागे हात घालून बघायला काय लागत होतं? मी घसा खाकरला आणि म्हणालो, ऑफिसात शिस्त हवी. हो — हे मीच म्हणालो.

श्यामला हटली नाही. लूमने जमीन हादरते, जमिनीने टेबल. म्हणजे काहीतरी सैल आहे, एवढं तिने ताडलं. कॉम्प्युटर बंद करून बाहेर ओढला, वायर उपसली, भोकात उजेड पाडला आणि केसातल्या पिनेने तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. कुंकवाने माखलेला. त्याच्यामुळे वायर पुरती बसतच नव्हती.

खंडेनवमीला ऑफिसात मागे कोण राहिलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तळहात माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "सर, विज्ञानाला कुंकू लागलंय की ओ."

बस्स. शेठ आत आले तोवर तिने मूठ मिटली होती. "वायर सैल होती," एवढंच तिने सांगितलं. स्वतःची नोकरी टांगणीला असताना, मला सगळ्या कारखान्यापुढे हसं करणारी गोष्ट हातात असताना! इतकं मोठं मन मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. समोर उभं राहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि मी? खरं बोलायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

श्यामलाची नोकरी टिकली. माझ्या शिस्तीच्या एका शब्दाने नेट सुधारलं, असं शेठचं मत झालं आणि त्यांनी मला तांत्रिक प्रमुख केलं. प्रिंटरमध्ये कागद कसा भरतात, ते मला अजून येत नाही. श्यामला भरते.