मे महिन्याचा आकडा

माझ्या माहेरी माझ्यापेक्षा माझ्या वहिनीचं जास्त ऐकतात, हे मला ग्रामपंचायतीच्या सभागृहात, सगळ्या गावासमोर कळलं. त्याआधी नुसता संशय होता.

मी पुण्यात एका डेटा सेंटर बांधणाऱ्या कंपनीत काम करते. आपण फोनवर एआयला काहीतरी विचारतो आणि दोन सेकंदांत उत्तर येतं, त्यामागे हजारो यंत्रं चालत असतात. ती यंत्रं ठेवण्याची इमारत म्हणजे डेटा सेंटर. यंत्रं तापतात, म्हणून त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. विजेचं तर विचारूच नका. अशी एक इमारत आळेफाट्याच्या पुढे, माझ्याच माहेरच्या शिवेवरच्या माळावर करायची ठरली, तेव्हा साहेब म्हणाले, "गाव तुमचं आहे, तुम्हीच बोला."

मला फार आनंद झाला. बारावीनंतर गाव सुटलं होतं. सणावारी जायचं, दोन दिवस राहायचं, कांदे आणि टोमॅटो डिकीत भरून परत यायचं. आता मी कामासाठी जाणार होते, पुढे उभी राहून बोलणार होते. मी त्या दिवसासाठी नवी साडी घेतली हे आत्ता लिहिताना लाज वाटते, पण घेतली होती.

वहिनी डिंगोऱ्याची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीला होते. आम्ही जवळपास एकाच वयाच्या. तिला स्कूटी चालवायला मी शिकवलं, बँकेचा फॉर्म भरायला मी शिकवलं. पुढे ग्रामपंचायतीनं पाणी तपासायला पाच बायका निवडल्या, त्यात ती होती. चौघींनी वर्षभरात काम सोडलं. वहिनी राहिली. दर शुक्रवारी सकाळी ती लहान बाटल्यांची पेटी घेऊन निघायची. नळाचं, विहिरींचं पाणी तपासायची, विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली गेलंय ते मोजायची आणि वहीत लिहायची. मला ते सरकारी कामासारखं काम वाटायचं. कोणीतरी करायचं असतं, ती करते.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून टोचत होती. मी फोनवर आईला काही विचारलं, अगदी माझ्या मुलीच्या खोकल्याचं जरी विचारलं, तरी आई म्हणायची, "थांब, वैनीला इचारते."

सभेआधी आमच्या कंपनीत वर्षभर एक मोठं काम चाललं होतं. या धंद्यात आमची धरून तीन कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. पण दूरच्या एका तालुक्यात कोणा एका कंपनीनं गावाला एक सांगितलं, केलं दुसरं, आणि गावानं काम बंद पाडलं. तिघीही घाबरल्या. एकीवरचा विश्वास गेला की लोक तिघींना दारात उभं करणार नाहीत, हे त्यांना कळलं. मग तिघी एका टेबलाशी बसल्या. आपण दर महिन्याला किती पाणी आणि वीज वापरतो याचे खरे आकडे एकमेकींना दाखवायचे, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजायचं, असा करार झाला. त्या बैठकांची टिपणं मी लिहायची. मला त्याचा अभिमान होता. गावांना मात्र वर्षाची सरासरी सांगायची, तीही एका रंगीत पत्रकावर, असं ठरलं. मी त्याला हरकत घेतली नाही.

ग्रामसभा सकाळी दहाला होती. सभागृह भरलं होतं. मी पडद्यावर चित्रं दाखवत बोलले आणि मला वाटतं बरी बोलले. एका म्हाताऱ्या बाबांनी पहिला प्रश्न विचारला.

"आमी दिवसा लाइट मागून दमलो. बिबट्याच्या भ्यानं रात्री मोटार चालू करायला कोन जात न्हाई. आमाला लाइट न्हाई, मग तुमच्या कंपनीला कुठून येनार?"

कंपनी वेगळी लाइन टाकणार आहे, तुमच्या वाट्याची वीज घेणार नाही, असं मी सांगितलं. बाबा "बघू" म्हणाले. एकानं विचारलं, पलीकडच्या रेडिओ दुर्बिणीला या यंत्रांचा त्रास होईल का? त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती घेतल्याशिवाय वीटसुद्धा रचणार नाही, असं मी सांगितलं. मग मी पाण्याचं पत्रक दाखवलं. सरपंचांनी मागे बायकांकडे पाहिलं.

"वैनी, तुमी बोला. पान्याचं तुमाला कळतं."

सगळं सभागृह मागे वळलं. मी पुढे उभी आणि मला लोकांच्या पाठी दिसत होत्या.

वहिनी उठली. "ताई, ह्यो आकडा वर्साचा हाय. पावसाळ्यात पानी कितीबी घ्या, कोन इचारतंय. मे महिन्यात किती लागंल?"

दुसऱ्या केंद्रांवरून काढलेला तो आकडा माझ्याकडे होता. पडद्यावरच्या चित्रामागे, त्याच लॅपटॉपमध्ये. सरपंचांनी विचारलं असतं तर "साहेबांना विचारून उद्या सांगते" असं म्हणाले असते. त्या बाबांनी विचारलं असतं तर कदाचित सांगूनही टाकला असता. पण विचारलं वहिनीनं. जिला मी फॉर्म भरायला शिकवलं, तिनं.

"ती माहिती गोपनीय आहे," मी म्हणाले.

"कोनापास्नं?"

"स्पर्धक कंपन्यांपासून."

हे धडधडीत खोटं होतं. स्पर्धकांना तर आम्ही असे आकडे दर महिन्याला दाखवत होतो.

"बरं," वहिनी म्हणाली आणि खाली बसली. वाद नाही, टोमणा नाही. पण तिच्या त्या एका "बरं"नंतर लोक आपापसांत बोलू लागले आणि दहा मिनिटांत विषय पुढच्या सभेवर गेला.

घरी आल्यावर तिनंच मला जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, मला आवडतो म्हणून ठेचा. तिनं काहीतरी बोलावं, म्हणजे मला भांडता येईल, अशी मी वाट पाहत होते. ती बोलली नाही. बोलली ती आई.

"तिनं साधं इचारलं. तू साधं सांगायचं व्हतं."

"आई, मुलगी मी आहे तुझी."

"म्हनून तर सांगते."

मी ताट तसंच ठेवून मागच्या ओट्यावर गेले. दादा तिथं ड्रिपच्या नळ्या गुंडाळत बसला होता. मी त्याला म्हणाले, "वहिनीला गावात मिरवायचंय, बाकी काही नाही." माझा भाऊ शांत माणूस. त्यानं नळी खाली ठेवली.

"तुला ठाव न्हाई का? तिनं पयल्याच वर्सी आपल्याच हिरीचं पानी खराब म्हनून लिवलं व्हतं. पंचायतीच्या भिताडावर कागुद लागला, आपल्या आडनावासकट. लोक पानी न्यायचे बंद झाले. आई महिनाभर तिच्याशी बोलली न्हाई, मीबी लई वरडलो. ती म्हनली, सोताच्या हिरीचं खोटं लिवलं तर दुसऱ्याच्या हिरीचं खरं कोन मानंल? मग आपन हिरीपलीकडचा सांडपान्याचा शोषखड्डा बुजवला, पानी चांगलं झालं. तवापास्नं लोक तिचं ऐकत्यात."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक मी विचारलं नव्हतं.

ऐकून मला वहिनीबद्दल आदर वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण खाली कुठेतरी. वर आला तो नुसता जळफळाट. कारण तिच्या जागी मी असते तर आमच्या विहिरीचं लिहिलं नसतं, हे मला त्याच वेळी कळलं. कंपनीचा आकडा मी तासाभरापूर्वीच लपवून आले होते, आणि कंपनी तर माझी कोणीच नव्हती.

दुसरा दिवस शुक्रवार होता. मी पुण्याला निघायच्या ऐवजी वहिनीबरोबर विहिरींवर गेले. पहिल्या दोन विहिरींवर तिनं टेप सोडायचा, वाचायचं, मी वहीत लिहायचं. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, नुकतंच येऊन गेलं होतं, तरी एका विहिरीचं पाणी मागच्या शुक्रवारपेक्षा खाली गेलं होतं. तिनं तो आकडा दोनदा मोजला. तिसऱ्या विहिरीवर मी म्हणाले, "वहिनी, मे महिन्याचा आकडा माझ्याकडे होता."

"ठाव हाय."

"कसं?"

"तुमी खोटं बोलताना पदर सारखा करता, आदी ओढनी करायच्या. माज्या लग्नापास्नं बघते." ती टेप गुंडाळू लागली. "आन् त्या दुसऱ्या कंपन्यांना दावत न्हाई, ह्ये खरं का?"

"नाही. त्यांना दर महिन्याला दाखवतो. तसा करार आहे आमचा."

"म्हंजी ज्यांच्याशी भांडान त्यांना दावता. आन् ज्यांच्या शेजारी ऱ्हायाचं त्यांना न्हाई."

तिनं हे मला बोल लावायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. मला मात्र त्या वाक्याचासुद्धा हेवा वाटला. तीन कंपन्यांची शिकलेली माणसं वर्षभर टेबलाभोवती बसली होती, मी सगळ्यांची टिपणं लिहिली होती, आणि आमच्यातल्या एकाच्याही तोंडून हे निघालं नव्हतं.

कंपन्यांच्या पुढच्या बैठकीत मी ते वाक्य बोलले. शुद्ध मराठीत, सावकाश, माझंच असल्यासारखं. मग सगळ्यात मोठ्या कंपनीचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मॅडमनी वर्मावर बोट ठेवलं." मी मान खाली घालून कौतुक घेतलं. वहिनीचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर तीन महिने गेले. दोन कंपन्या लगेच तयार झाल्या, तिसरीनं अडवून धरलं. गावांना महिन्याचे आकडे दिले की उद्या वर्तमानपत्रात येतील, अशी तिला भीती होती. शेवटी तिनंही मानलं. दर महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीला द्यायचा. जागेवर बोअर घ्यायचं नाही, गावच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच पाणी वापरायचं. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं, तर आमच्या यंत्रांचं काम तेवढ्या दिवसांपुरतं दुसऱ्या कंपनीच्या केंद्रावर हलवायचं. त्यांच्यावर वेळ आली तर त्यांचं आम्ही घ्यायचं. एकमेकींचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांनी हे लिहून दिलं. ती खूण ठरवताना वहिनीच्या वहीतले आकडे घेतले, कारण त्या माळाच्या आसपासचे इतक्या वर्षांचे आकडे दुसऱ्या कोणाकडेच नव्हते.

पुढच्या ग्रामसभेत मी मे महिन्याचा आकडा सांगितला. तो मोठा होता. सभागृहात कोणीतरी "आरं बापरे" म्हणालं. मग दोन तास प्रश्न झाले, काही तर रागानं विचारलेले. पण या वेळी कोणी मागे वळलं नाही, प्रश्न मलाच विचारले. शेवटी गावानं अटी घालून मान्यता दिली आणि उन्हाळ्यात पुन्हा बसायचं ठरवलं. सरपंच म्हणाले, "वैनींनी धरून ठिवलं म्हनून आकडा मिळाला."

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "मी नुसतं इचारलं. आनला ताईंनी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मला फार एकटं वाटलं. मी तिचं वाक्य माझ्या नावावर खपवलं होतं आणि ती माझं काम माझ्या नावावर ठेवत होती. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला बैठकीतली ती गोष्ट सांगितली. ती लसूण सोलत होती. "बरं क्येलं," ती म्हणाली. "मी तिथं बोलाया आले असते का?" तिच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या दृष्टीनं नाही. ऑफिसात मी अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही.

आता माळावर पाया भरून झालाय, खांब उभे राहिलेत. बांधकामाला किती पाणी लागलं, तो आकडा मी दर महिन्याच्या सुरुवातीला गावाच्या ग्रुपवर टाकते. खाली हटकून कोणीतरी लिहितं, "वैनी, बराबर हाय का?" वहिनी मीटर बघून आली की अंगठा टाकते. मग बाकीचे अंगठे येतात. एका महिन्यात मीटर बंद पडलं होतं. मी तसंच लिहिलं, "मीटर बंद होतं, आठ दिवसांचा आकडा नाही." साहेब चिडले, पण मी खोडलं नाही.

त्या दुपारी गावातल्या एका बाईचा मला फोन आला. मी एकदम खूश झाले. इतक्या दिवसांत गावातल्या कोणी मला स्वतःहून फोन केलेला तो पहिलाच. तिनं मीटर का बंद पडलं, कधी सुरू होईल, सगळं नीट विचारलं. मी सगळं नीट सांगितलं.

"बरं झालं तुमी उचललात," ती म्हणाली. "वैनीचा फोन लागंना, म्हनून तुमाला केला."