अर्ध्या बोटानं हुकलेला संगणक

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पोलादपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. महाडजवळच्या आमच्या बौद्धवाडीतला मी पहिला बी.एस्सी. त्यामुळे कुणाचा रेडिओ बिघडला की माणसं माझ्याकडे यायची आणि कुणाची म्हैस दूध देईना झाली तरीही यायची. रेडिओ मी खरंच दुरुस्त करायचो. म्हशीतलं मला काही कळत नाही, हे मात्र कुणाला पटत नसे.

शाळेचीही माझ्याबद्दल तीच समजूत होती. गावच्या मुंबईकर मंडळानं शाळेला संगणक भेट दिला, तेव्हा मुख्याध्यापकांनी तो थेट माझ्या ताब्यात दिला. तो कुठल्यातरी ऑफिसातून काढलेला होता. पडदा होता, कीबोर्ड होता, आतलं सगळं सामान असलेलं पत्र्याचं खोकं होतं. पडद्यावर अक्षरं आणि चित्रं आणणारं कार्ड तेवढं नव्हतं. मंडळाच्या सेक्रेटरींनी ते दुसरीकडून मिळवलं आणि नव्या बनियनमध्ये गुंडाळून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं. सोबत चिठ्ठी: ‘शनिवारी पाहुणे घेऊन येतो. उद्घाटन आहे. कार्ड तेवढं बसवून ठेवणे.’

त्या दिवशी मंगळवार होता. मी प्रयोगशाळेत खोक्याचं झाकण उघडलं. कार्ड आतल्या खाचेत घट्ट बसलं. पण त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी खोक्याच्या मागच्या फटीतून बाहेर दिसायला हवी होती, ती दोन फटींमधल्या भरीव पत्र्यावर जाऊन आपटली. अर्धं बोट चुकत होतं. पट्टी फटीत धरली तर कार्ड खाचेतून निघे, आणि कार्ड खाचेत दाबलं तर पट्टी पत्र्याला थडके.

मी पोस्टातून सेक्रेटरींना ट्रंक कॉल लावला.

“अर्धं बोट ना?” ते ओरडले. “मंग दाब की जरा जोरात! मुंबैत सगळी अशीच बसवतात.”

बुधवारी मी खोकं मांडीवर घेऊन महाडला निघालो. कार्ड जेवणाच्या डब्यात होतं. कंडक्टरनं विचारलं, “ह्यात काय हाय?” मी म्हटलं, संगणक. त्यानं खोक्याला कान लावला आणि म्हणाला, “जिवंत नाय ना कायी?”

महाडला लोखंडी पेट्या करणारे एक म्हातारे कारागीर होते. लग्नातल्या पेट्या तालुक्यात त्यांच्याकडूनच जात. मी त्यांना पत्र्याला नवी फट पाडायला सांगितलं. त्यांनी सुतळीनं माप घेतलं, खोकं उलटंसुलटं केलं.

“गुरजी, ह्या पत्र्यात जीव नाय. छिन्नी मारली तर फाटंल. तुमी आतलं सामान काढा, मी त्याला चांगली पेटी देतो.”

“पेटी? संगणकाला?”

“सामानाला घर लागतं. कुठलं, त्याचं त्याला काय?”

मी खूप विचार केला आणि मला ते बरोबर वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. तयार पेट्यांपैकी एक आम्ही निवडली. तळाशी लाकडी फळी ठोकून मी सगळं सामान त्यावर बसवलं. त्यांनी पट्टीच्या समोर फट पाडली, फ्लॉपीसाठी दुसरी पाडली. चालू-बंद करायला मी दिव्याचं साधं बटण लावलं. पेटीवर दोन मोर होते आणि मधे गुलाबाचं फूल. रंग काढायला वेळ नव्हता.

शुक्रवारी संगणक चालू झाला. मुख्याध्यापकांनी मोरांवरून बोट फिरवलं.

“सर, मंडळाचं नाव त्या खोक्यावर रंगवलंय. पाहुण्यांपुढे ही पेटी कशी ठेवायची?”

शेवटी असं ठरलं की टेबलावर रिकामं खोकं ठेवायचं, त्यावर संगणकाचा पडदा, आणि पेटी टेबलाखाली, चादरीआड. पाहुण्यांनी खोक्याचं बटण दाबलं की मी आतून पेटीचं बटण दाबायचं.

शनिवारी मी भाषणं सुरू व्हायच्या आधीच टेबलाखाली जाऊन बसलो. पाहुणे मुंबईत गोदीत मोठ्या हुद्द्यावर असलेले गावचेच गृहस्थ होते. त्यांनी रिकाम्या खोक्याला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. मीही दाबलं. पडद्यावर इंग्रजीत ‘वेलकम’ आलं आणि मी काढायला लावलेलं वर्तुळ उमटलं. ते दोन्हीकडून चेपलं होतं.

“अंडा हाय काय?” पाहुण्यांनी विचारलं.

“पृथ्वी,” मुख्याध्यापक म्हणाले.

टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांनी हौसेनं बटण पुन्हा दाबलं. हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी चादरीआड गप्प बसलो, पृथ्वी तशीच राहिली.

“बंद का होत नाय?”

“संगणक आहे, साहेब,” मुख्याध्यापकांचा गंभीर आवाज मला ऐकू आला. “आपलं आपण ठरवतो.”

पाहुण्यांनी खोक्याला हात जोडले.

दिवाळीत सेक्रेटरींचा भाचा आला. तो मुंबईत हीच कामं करायचा. कुणीतरी त्याला आमचा पराक्रम सांगितला, म्हणून बघायला आला. त्यानं रिकामं खोकं उघडलं आणि तळाकडे बोट दाखवलं.

“सर, आतला बोर्ड ज्या खुंट्यांवर बसतो ना, त्या एक भोक सोडून लावल्यात. म्हणून पट्टी चुकली. ह्या खोक्यात कीबोर्डची पिनसुद्धा तिरकी घालावी लागली असेल.”

त्या मंगळवारी ती तिरकीच घालावी लागली होती. मला वाटलं, तशीच घालायची असते.

“म्हणजे कार्ड चुकीचं नव्हतं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“नाही.”

“आणि खोकं?”

“तेही नाही.”

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. मी भाच्यापुढे चहा सरकवला. भाच्यानं सभ्यपणे चहा संपवला आणि खुंट्या योग्य भोकांत लावून दिल्या. सगळं सामान परत खोक्यात भरायला अर्धा तास पुरला असता. पण तोवर नववीची पोरं पेटीवर सरावली होती, आणि पेटीला कुलूप लागायचं, उंदीर शिरत नसत. ती तशीच राहिली.

नंतर कधीतरी महाडला गेलो तेव्हा कारागिरांना खरं काय ते सांगितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी घाबरत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुकानावरची नवी पाटी दाखवली: ‘येथे कंप्युटरच्या पेट्या मिळतील.’

“कुणी घेतं का?” मी विचारलं.

“एक गेली की. नात्यातल्या एका मुलीच्या बापानं नेली, लग्नात द्याया. आत फळी हाय, साड्यांला गंज नाय लागायचा, म्हणला.”

“आणि त्या फटी?”

“वाऱ्यासाठी हायत, असं सांगितलं मी त्याला.”