पान्ह्याला तेल

पियानो ट्यूनिंगची पिशवी भरताना माझ्याशी कोणी बोललेलं मला चालत नाही. ट्यूनिंगचा पान्हा सर्वांत वर, कारण तार चढवायची तर तिची खुंटी त्यानेच फिरवायची. त्याखाली शेजारच्या तारा गप्प ठेवायला रबरी पाचरी आणि फेल्टची लांब पट्टी, मग ट्यूनिंग फोर्क, चिमटे, टॉर्च, तारांची छोटी गुंडाळी. सगळं स्कूटरवर पायाशी मावेल एवढंच. नाशिकमध्ये पियानो फार नाहीत, आणि आहेत ते शहराच्या टोकाटोकाला. एक पाचर घरी राहिली तर अर्धा दिवस फुकट जातो.

वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी खंडेनवमीचा त्यांचा थाट तोच. पाटावर पांढरं फडकं, त्यावर त्यांचा मायक्रोमीटर, दोन कानशी, धाकट्या भावाच्या मोटरसायकलची किल्ली आणि त्याचा लॅपटॉप. मी ट्यूनिंगची कामं घ्यायला लागले त्या वर्षी माझी पिशवीही पाटाजवळ नेली, तर म्हणाले, "ते तुझं सामान राहू दे तिकडे. पाटावर हत्यारं असतात." लॅपटॉप हत्यार! ज्यावर तो क्रिकेट बघतो! मी पुन्हा कधी विचारलं नाही. पण बारा वर्षं दर खंडेनवमीला माझं डोकं न चुकता फिरायचं.

मागच्या वर्षी खंडेनवमीला मी तारा आणायला मुंबईला गेले होते. दसऱ्याच्या संध्याकाळी परतले तोवर पूजा उचललेली होती. दुसऱ्या दिवशी इंदिरानगरला एका संगीतशिक्षिकेचा पियानो लावायचा होता, दुपारी तिच्या विद्यार्थिनींची परीक्षा. सकाळी पिशवी तपासायला उघडली आणि हाताला बुळबुळीत लागलं. पान्ह्यापासून फोर्कपर्यंत प्रत्येक लोखंडी वस्तूवर तेलाचा हात फिरला होता, वर कुंकवाची बोटं. पान्ह्याच्या तोंडात तर तेल साचलेलं. फेल्टची पट्टी त्यात पार भिजली होती.

पियानोच्या खुंट्या लाकडात नुसत्या घट्ट बसून तार धरतात. तिथे तेल मुरलं की खुंटी सैल पडते आणि ती तार मग सुरात टिकत नाही.

"बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? धंदा बुडवायचाय का माझा?"

त्यांनी पेपरातून मान वर केली. "हत्याराला तेल नाही लावायचं तर काय, गंजू द्यायचं?"

"माझ्या वस्तूंना नाही लावायचं! पुन्हा माझ्या पिशवीला हात लावाल तर बघा."

"बरं," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मी तासभर स्पिरिटने एकेक वस्तू घासली, पट्टी फेकून नवी कापली आणि तोंडाचा पट्टा घराबाहेर पडेपर्यंत चालू ठेवला. इंदिरानगरला पोचून पहिल्या खुंटीवर पान्हा बसवला, तेव्हा कुठे त्यांचं बोलणं डोक्यात शिरलं. हत्याराला, म्हणाले होते ते. आणि त्यावर मी काय बोलून आले होते? मला माझी चीड आली, पण त्यांची त्याहून जास्त. बारा वर्षं लावली कबूल करायला, आणि तेही मी घरात नसताना! माझ्यासमोर ती पिशवी पाटावर ठेवायला यांचं काय जात होतं?

घरी गेल्यावर मी पिशवी नेहमीच्या जागी ठेवून दिली. माफी मागायची आमच्या घरात पद्धतच नाही. वडील मात्र एकदा "बरं" म्हणाले की ते पाळतात, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच वर्षभर धास्ती वाटत राहिली.

यंदा खंडेनवमीला मी घरीच होते. वडिलांनी पाट मांडला. मायक्रोमीटर, कानशी, किल्ली. लॅपटॉप एका कडेला सरकवलेला, आणि मधोमध फडकं रिकामं, बरोब्बर माझ्या पिशवीएवढं. उदबत्ती हातात धरून ते नुसते उभे होते, पेटवत नव्हते.

मी पिशवी आणून त्या जागेवर ठेवली, उघडली आणि पान्हा वर काढला. "तेल लावायचं नाही," मी दरडावलं.

"कळतं मला," तेही तेवढ्याच तोऱ्यात म्हणाले, आणि तेलाची कुपी उचलून स्वयंपाकघरात ठेवून आले.